जडसंग्रहातली बारा हेल्मेटं

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात ना, तुम्हीही थोडं पुढे सरका. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही, कारण ज्यांची आहे ते गृहस्थ अजून हिंडते-फिरते आहेत, त्यांचे कान तिखट आहेत आणि झाल्या प्रकाराची त्यांना अजून थोडी लाज वाटते. परमेश्वराने माणसाला डोळे दोन दिले, कान दोन दिले, मूत्रपिंडंसुद्धा दोन दिली. डोकं मात्र एकच. का, ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्या एकुलत्या एका वस्तूची काळजी घ्यायला निघालेल्या एका सज्जनाची काय गत झाली, ते सांगतो. हसू आलं तर दाबू नका. देव काही हसणाऱ्यांची नावं लिहून घेत नाही.

या सज्जनांना सगळी इमारत स्टोअरकाका म्हणे. पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात ते सव्वीस वर्षं भांडारपाल होते. बोटाच्या पेराएवढ्या वायसरपासून माणूस वाकून आत शिरेल एवढ्या पायपापर्यंत प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताखालून जायची, आणि जाताना सही करून जायची. नोंद, सही, कुलूप. एवढ्या तीन गोष्टी माणसाने पाळल्या तर जगात काहीही हरवत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. तुमची-आमची जशी देवावर असते तशी. फरक एवढाच, की देव अर्ज मागत नाही.

तर झालं असं, की त्यांच्या चिमणीला, म्हणजे नऊ वर्षांच्या लेकीला, मावशीने सायकल दिली. काकूंनी त्याच संध्याकाळी हेल्मेट आणलं. चिमणी ते घालून खाली गेली आणि चौथ्या मिनिटाला वर आली.

"मला सगळे पातेलं म्हणाले."

"सगळे म्हणजे कोण?" काकूंनी विचारलं.

"आधी कप्तान म्हणाली. मग सगळे म्हणाले."

कप्तान म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी. इमारतीतल्या मुलांत काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तीच ठरवायची.

"म्हणू देत. हेल्मेट नाही तर सायकल नाही," काकू म्हणाल्या.

"मी एकटी नाही घालणार."

"मग शाळेच्या बसने जा. सायकल देऊन टाकू मामाच्या मुलीला. ती घालते."

चिमणीचा खालचा ओठ थरथरायला लागला. आता अशा वेळी शहाण्या बापाने काय करावं? चहात साखर कमी आहे का ते पाहावं. पण स्टोअरकाका बोलून गेले, "सुट्टी संपून शाळा सुरू होईल ना, त्या दिवशी या इमारतीतलं प्रत्येक मूल हेल्मेट घालून फाटकाबाहेर पडेल. सायकलीवर. माझा शब्द!"

"अहो, कुणी वायसर मागितला तर तीन दिवस लावता," काकू म्हणाल्या, "आणि शब्द असा एका मिनिटात?"

पण शब्द गेला होता. चिमणीने येऊन आपला हात बापाच्या हातात ठेवला होता. शब्द परत घेता येतो हो, हात कसा परत देणार?

मुदत होती सहा आठवड्यांची. सल्ला द्यायला मात्र सहा मिनिटांत माणूस हजर झाला. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या मते मुलांना भीती दाखवल्याशिवाय काही कळत नाही. "प्रात्यक्षिक करा, प्रात्यक्षिक! मी एका तासात अख्खा वर्ग सरळ केलाय." कुठला वर्ग, आणि तो आता कुठे आहे, हे विचारायची काकांची पद्धत नव्हती.

प्रात्यक्षिक ठरलं. रविवारी सकाळी गाड्या लावायच्या जागेत अकरा मुलं आणि चिमणी अर्धगोलात बसली. काकांनी एक उंच स्टूल आणलं, जिन्याखालच्या दोन मातीच्या कुंड्या आणल्या. कुंडी म्हणजे डोकं, असं समजायचं. एक कुंडी उघडी पाडायची, दुसरी चिमणीचं हेल्मेट घालून. पहिली फुटेल, दुसरी वाचेल. विषय संपला.

काका स्टुलावर चढले. "मुलांनो, माझ्या भांडारात साडेतीन हजार प्रकारचे सुटे भाग आहेत. पण डोक्याचा सुटा भाग जगातल्या कुठल्याच भांडारात मिळत नाही!" वाक्य त्यांनी रात्री पाठ केलं होतं. त्याचा परिणाम पाहायला ते क्षणभर थांबले. कप्तानने जांभई दिली.

उघडी कुंडी त्यांनी सोडली. ती पडली नेमकी फुलझाडांसाठी आणलेल्या मऊ मातीच्या ढिगात. धप्प! साधा तडासुद्धा गेला नाही. कुंडी तिथे इतकी निवांत बसली, की जणू तिला तिथेच ठेवायचं होतं. घाईघाईने काकांनी दुसरी सोडली. कुंडीला हनुवटी नसते, म्हणून त्यांनी पट्टा लावला नव्हता. हेल्मेट हवेतच निसटून एकीकडे गेलं, कुंडी दुसरीकडे गेली आणि फरशीवर तिच्या ठिकऱ्या ठिकऱ्या झाल्या.

मग कप्तान उभी राहिली आणि तिने निकाल जाहीर केला, "जिने हेल्मेट घातलं होतं, तीच फुटली!"

अकरा मुलं टाळ्या पिटत पांगली. पट्टा लावला नव्हता म्हणून, पट्टा लावला असता तर, असं काका स्टुलावरून ओरडत राहिले. खरं तर त्या दिवसाचा सगळा धडा त्या पट्ट्यातच होता. पण उंचावर एकट्याच उभ्या असलेल्या माणसाचं कोण ऐकतं? त्यातून ती कुंडी निघाली हेडमास्तरांच्या गुलाबाची. "प्रात्यक्षिक करा म्हटलं होतं, माझ्यावर करा नव्हतं म्हटलं," असं म्हणून ते दोन दिवस काकांशी बोलले नाहीत. ते दोन दिवस काकांना फार बरे गेले.

आता पाल्हाळ पुरे, आख्यानाकडे वळू. काका खचले नाहीत. उपदेशाने जमलं नाही ते व्यवस्थेने जमेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि प्रकरण इमारतीच्या कमिटीपुढे नेलं. कमिटी म्हणजे सेक्रेटरी; बाकीचे चहाला येत. सेक्रेटरींना कागद आवडायचे. काकांनी सात पानी टिपण दिलं, त्याला परिशिष्ट जोडलं. सेक्रेटरींनी परिशिष्टावरून प्रेमाने हात फिरवला आणि अकरा हेल्मेटं मंजूर केली.

मग डोकी मोजायची आली. काका शिंप्याची टेप आणि नोंदवही घेऊन दारोदार हिंडले. "डोक्याचा घेर" असा रकाना आखला होता. इथे आयांनी गोंधळ घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना समोरच्या घरातल्या मुलाचा घेर आपल्या बाळापेक्षा एक सेंटिमीटरने जास्त असल्याचं कळलं. त्या संध्याकाळी पुन्हा मोजणी मागायला आल्या.

"सकाळी त्याचे केस ओले होते. चपटे बसले होते."

"अहो ताई, ही परीक्षा नाही. मोठं डोकं म्हणजे जास्त गुण, असं काही नसतं."

"तुम्ही मोजा तर खरं!"

मोजलं. तेवढंच भरलं. बाईंनी टेपकडे संशयाने पाहिलं. तेवढ्यात हेडमास्तर आले, टोपी काढून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझाही घ्या. नुसता नोंदीला."

हेल्मेटं आली. लाल, चकचकीत, मागे चक्री फिरवून घट्ट-सैल करायची. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि इथे, मंडळी, या भल्या माणसाच्या हातून ती चूक झाली, जी फक्त भांडारपालाच्याच हातून होऊ शकते.

कचेरीत माल दोन जातींचा असतो. एक वापरून संपणारा, जसा खडू, साबण, टाचण्या. दुसरा न संपणारा, जसं टेबल, खुर्ची, पंखा. या दुसऱ्या मालाची एक वेगळी वही असते, तिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. एकदा का एखाद्या वस्तूचं नाव त्या वहीत चढलं, की ती अमर झाली. मोडली तरी मरत नाही. मरायला तिला वरून परवानगी लागते. तिला कुणी सहज हात लावू शकत नाही, आणि ती हरवलीच तर भांडारपालाला झोप येत नाही. कमिटीने घेतलेली हेल्मेटं म्हणजे कमिटीची मालमत्ता. काकांनी ती जडसंग्रहात चढवली. प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, क्रमांक एक ते अकरा. मग त्यांना वाटलं, अकरा एका जागी आणि एक दुसरीकडे, हे काही शिस्तीचं नाही. म्हणून चिमणीचं हेल्मेटही त्यांनी कमिटीला देऊन टाकलं आणि त्याला चिठ्ठी लावली, क्रमांक बारा.

"अहो, घरात एकच मोकळं होतं," काकू म्हणाल्या, "तेही कोंडलंत?"

"कोंडलं नाही. सुरक्षित ठेवलं."

"ते डोकं सुरक्षित ठेवण्यासाठी आणलं होतं ना? मग त्यालाच काय सुरक्षित ठेवताय?"

काकांनी चिठ्ठीची गाठ आणखी घट्ट केली. संसारात काही प्रश्न असे असतात, की त्यांना उत्तर न देणं हाच मोठेपणा.

खाली गाड्या लावायच्या जागेलगत कमिटीची खोली होती, तिथे काचेच्या दारांचं एक जुनं लाकडी कपाट होतं. बक्षिसाच्या ढाली, बुद्धिबळाचे दोन डबे, टेबलटेनिसच्या बॅटी असा ऐवज त्यात होता. त्यात बारा लाल हेल्मेटं बसली: अकरा खालच्या खणात ओळीने, आणि जागा पुरली नाही म्हणून बारावं वरच्या खणात. दारांना दोन कुलपं: एकाची चावी काकांकडे, दुसऱ्याची सेक्रेटरींकडे. एकट्याने कुणी उघडूच नये, असा बंदोबस्त. ज्याला हेल्मेट पाहिजे त्याने तीन दिवस आधी अर्ज करायचा. त्यावर आईची किंवा वडिलांची सही, काकांची सही, सेक्रेटरींची सही. हे सगळं काकांनी सुवाच्य अक्षरात लिहून काचेवर चिकटवलं.

आणि गंमत पाहा. जी मुलं पातेलं म्हणून हसत होती, ती रोज येता-जाता काचेला नाक लावून उभी राहायला लागली. काच नाकांच्या ठशांनी भरून गेली.

"काका, एकदा नुसतं घालून बघू?" कप्तानने विचारलं.

"अर्ज."

"आत्ता लगेच परत देते ना."

"अर्ज. तीन दिवस आधी."

कप्तान वहीचं पान फाडून घेऊन आली. अर्जात 'कारण' असा रकाना होता. तिने लिहिलं होतं: डोकं आहे म्हणून. काकांनी तो अर्ज दोनदा वाचला, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं मुद्देसूद कारण आपल्याकडे कुणी दिलं नाही, हे त्यांना प्रामाणिकपणे कबूल करावं लागलं. शुक्रवारपर्यंत अर्ज आले, सह्या झाल्या. सोमवारी शाळा. पावणेसातला वाटप. सव्वासातला शाळेची बस फाटकाशी यायची. तोपर्यंत हेल्मेटं डोक्यांवर असली तर सायकली, नाहीतर मुलं बसमध्ये, असं सगळ्या आयांनी एकमताने सांगितलं होतं. काकूंनी नुसता मामाच्या घरचा पत्ता एका कागदावर लिहून फ्रिजवर लावला.

सोमवारी साडेसहालाच बारा सायकली ओळीत उभ्या. घंट्यांचा नुसता किणकिणाट. काका इस्त्रीचा शर्ट घालून, नोंदवही काखेत, आपली चावी हातात धरून उतरले. त्यांनी आपलं कुलूप उघडलं. मग सेक्रेटरींच्या दाराकडे गेले. दाराला कुलूप.

"ते कालच सासुरवाडीला गेलेत," शेजारच्या घरातून आवाज आला. "सकाळी येतो म्हणाले होते."

सात वाजले. सात वाजून पाच मिनिटं झाली, तेव्हा सेक्रेटरी हातात बॅग घेऊन फाटकातून आले. मुलांनी जल्लोष केला. सेक्रेटरींचं एवढं स्वागत आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी हात हलवला.

"चावी!" काका म्हणाले.

सेक्रेटरींनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. बॅग उघडली. मग त्यांचा चेहरा हळूहळू लांब झाला. "सासऱ्यांच्या खुंटीवर राहिली. जुडगाच राहिला हो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी तरी घरात कसा जाणार!"

काकांनी मागे वळून पाहिलं. चिमणी सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरून उभी होती. रडत नव्हती. ती फाटकाकडे पाहत होती, जिथून बस येणार होती.

"काका, काच फोडू?" कप्तानने तत्परतेने विचारलं.

"खबरदार! काचही जडसंग्रहात आहे."

"अहो," काकू जिन्यावरून उतरत म्हणाल्या. त्यांच्या हातात लोखंडी उलथणं होतं. "कपाटाला पाठ असते की नाही?"

तो एक प्रश्न, मंडळी. सव्वीस वर्षं काकांनी जगातल्या सगळ्या कपाटांकडे समोरून पाहिलं होतं. कुलूप समोर असतं ना! सहा मुलांनी आणि हेडमास्तरांच्या सूचनांनी मिळून कपाट भिंतीपासून ओढलं. पाठीला पातळ फळी, बारीक खिळ्यांनी ठोकलेली. काकांनी उलथणं घातलं. पहिला खिळा कुरकुरत निघाला, तेव्हा त्यांना आपल्याच छातीतून काहीतरी उपटल्यासारखं वाटलं. भांडारपालाने कपाट मागून फोडायचं! त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या खिळ्याला हात घातला.

फळी खालून सुटली, अर्धीच. वरचे खिळे हलेनात. मुलांचे हात आत पोचेनात. मग काका स्वतः गुडघ्यांवर बसले, वाकले आणि खालच्या खणात शिरले. आधी डोकं, मग खांदे, मग इस्त्रीचा शर्ट. आतून समोर पाहतात तो काच, आणि काचेपलीकडे अख्खी इमारत.

"काका शोकेसमध्ये!" कुणीतरी ओरडलं, आणि जिन्यावरून गच्चीपर्यंत हशा पिकला.

"क्रमांक एक!" आतून काकांचा आवाज घुमला. हेल्मेट मागच्या फटीतून बाहेर आलं. "सही घ्या! काय ग, सही घेतेस ना?"

"घेते, घेते. तुम्ही द्या," काकू म्हणाल्या.

"थांबा!" सेक्रेटरी काचेसमोर येऊन उभे राहिले. "माझं कुलूप अजून लागलेलं आहे. कुलूप लागलेलं असताना कपाटातून वस्तू बाहेर गेली, हे मी कागदावर कसं दाखवू?"

"तुमच्या सासऱ्यांना विचारा!" काका आतून म्हणाले. "क्रमांक दोन!"

तिसरं गेलं, पाचवं गेलं, नववं गेलं. "त्यांचा घेर किती आहे? अडकतील," हेडमास्तर काळजीने म्हणाले. अकराव्याला काका खरंच अडकले. बारावं वरच्या खणात, अगदी कोपऱ्यात होतं. त्यांनी एक हात वर घातला. पोचेना. खांदा वर रेटला, आणि खांद्याने वरची फळी आपल्या जागेवरून उचलली.

काय काय पडलं म्हणता? आधी बुद्धिबळाचा एक डबा. राजा, वजीर, सगळं सैन्य. मग दुसरा डबा. मग टेबलटेनिसच्या बॅटी एकामागून एक. आणि शेवटी एक लाकडी ढाल कपाळावर, ठाक्‌!

हशा एकदम थांबला.

"अहो?" काकू फटीपाशी वाकल्या.

"ठीक आहे," आतून आलं. मग थोड्या वेळाने, "बारा. क्रमांक बारा. घ्या."

फटीतून एक हात बाहेर आला, त्यात लाल हेल्मेट. ते घ्यायला चिमणी स्वतः वाकली. मग उलटे सरपटत काका बाहेर आले. शर्टाला कोळ्याची जाळी, केसांत एक पांढरं प्यादं, आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, पाहता पाहता वाढत चाललेलं.

कप्तानने ते टेंगूळ जवळून, बराच वेळ, फार आदराने पाहिलं. "बारा हेल्मेटांच्या मधोमध बसून," ती हळूच म्हणाली, "काका, एवढं एकच डोकं उघडं होतं." आणि तिने आपला पट्टा हनुवटीखाली ओढून घट्ट केला. तिचं पाहून बाकीच्यांनी केला. खट्‌, खट्‌, खट्‌, अकरा वेळा. कुणी भाषण केलं नाही, कुणी स्टुलावर चढलं नाही.

बस आली, तिने दोनदा भोंगा वाजवला. काकूंनी चालकाला हाताने जा म्हणून सांगितलं. एकेक सायकल फाटकातून बाहेर पडायला लागली. चिमणी सगळ्यांत शेवटी होती. ती काकांपाशी येऊन थांबली.

"बाबा, सगळे तुम्हाला हसत होते."

"हो ग. दिसत होते ना. काच होती."

"मग तुम्ही बाहेर का नाही आलात?"

"तुझं आत राहिलं होतं."

चिमणीने हेल्मेट डोक्यावर चढवलं, मागची चक्री फिरवली, पट्टा लावला आणि तो सैल नाही ना हे पाहायला त्याखाली बोट घातलं.

"उद्या बाकीच्यांनी नाही घातलं ना, तरी मी घालीन," ती म्हणाली. "हसू देत."

आणि गेली. कोपऱ्यावर लाल टिपका दिसेनासा होईपर्यंत काका उभे होते. सेक्रेटरी मागून नोंदवही घेऊन आले. "अहो, बाराव्या ओळीत सही नाही."

"राहू द्या," स्टोअरकाका म्हणाले.

सेक्रेटरींनी त्यांच्या टेंगळाकडे पाहिलं. मार डोक्याला बराच लागलेला दिसतो, असं त्यांना वाटलं असावं. काकूंनी मात्र ओला रुमाल पुढे केला.

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आता उठण्याआधी एक मागणं आहे, आणि ते दक्षिणेचं नाही. उद्या सकाळी आपल्या लेकराच्या हनुवटीखाली पट्टा लावायला वाकाल, तेव्हा त्या कपाटातल्या बापाची तेवढ्यापुरती आठवण काढा. जग काचेपलीकडून हसत होतं आणि तो आपला हात वर करून कोपऱ्यातलं शेवटचं हेल्मेट शोधत होता. देव त्याचं भलं करो, आणि तुमच्या लेकरांना सुखरूप घरी आणो.